वाकवलेल्या पट्टीवरचा एमओएस-टू: पीक सरकलं, थांबलं आणि परतताना पुढे गेलं

प्रश्न थोडक्यात असा. कलिन्याला एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा (पुढे एमओएस-टू) एकपदरी (एकाच थराचा) तुकडा १२५ मायक्रॉन जाडीच्या पेट प्लास्टिकच्या पट्टीवर बसवला. पट्टी वाकवत नेली तसं पीएलचं (लेसरने उजळल्यावर तुकडा स्वतः सोडतो त्या प्रकाशाचं) पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, १.८५ ईव्हीवरून (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) १.८२ वर आलं. वक्रतेची त्रिज्या ९ मिमी होईपर्यंत हे सरळ रेषेत चाललं. पुढे ५ मिमीपर्यंत वाकवलं तरी पीक जागचं हलेना. पट्टी सरळ केल्यावर ते १.८५ वर न येता १.८७ वर जाऊन बसलं. तिने ३० मिली-ईव्हीच्या या घसरणीला ५ मिमीच्या १.२५ टक्के स्ट्रेनने (मूळ लांबीच्या किती टक्के ताणलं गेलं त्याने) भागलं, उत्तर आलं टक्क्याला २४ मिली-ईव्ही. शोधनिबंधांत मात्र ४५ पासून १०० पर्यंत आकडे सापडतात. तिचं विचारणं: यातला खरा आकडा कोणता, माझं कुठे बिनसलं, आणि हेच ग्राफिनवर (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) केलं असतं तर सोपं गेलं असतं का?

मोजणी चांगली झाली आहे, भागाकार तेवढा बिघडला आहे. १.२५ टक्के स्ट्रेन पट्टीला बसला. तुकड्याला तेवढा बसला हे कुणी सांगितलं?

आधी पट्टीचा हिशेब करू. पातळ पट्टी वाकवली की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला दबतो, मधली पातळी तशीच राहते. बाहेरच्या बाजूचा स्ट्रेन म्हणजे जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. ९ मिमीला तो ०.६९ टक्के येतो, ५ मिमीला १.२५. आता ३० ला ०.६९ ने भागून बघा: टक्क्याला ४३. तुमचा खरा दर हा. ९ मिमीपर्यंत तुकडा पट्टीबरोबर इमानदारीत ताणला गेला, पुढे घसरायला लागला. पट्टी लांबत राहिली, तुकडा आहे तिथेच राहिला.

१.८७ चं कोडंही यातच सुटतं. तुकडा घसरला तो साधारण १.२५ वजा ०.६९, म्हणजे ०.५६ टक्के. पट्टी सरळ होताना खालचं प्लास्टिक पूर्ण आकसणार, पण तुकडा आता नव्या जागी धरलेला आहे. त्यामुळे शेवटी तो ०.५६ टक्के दबलेल्या अवस्थेत उरतो. दाब आला की गॅप, म्हणजे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन ऊर्जापट्ट्यांमधली दरी, वाढतो आणि पीक त्याच्याबरोबर वर जातं. ०.५६ गुणिले ४३ म्हणजे २४ मिली-ईव्ही, १.८५ मध्ये मिळवा, १.८७४. तुमचं पीक तिथेच आहे. इतका जुळणारा हिशेब रोज मिळत नाही. बहुतेक वेळा दाब आला की तुकडा सुरकुततो आणि स्ट्रेनचा काही भाग त्या सुरकुत्यांत सुटून जातो. तुमचा तुकडा अजून सपाट असावा. एएफएम (पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणारा सूक्ष्मदर्शक) मिळालं तर खात्री करून घ्या, न मिळालं तर डार्क-फील्ड मायक्रोस्कोपखाली सुरकुत्या चमकतात, तेवढंही पुरे.

म्हणून माझा एक हट्ट आहे: ज्या आलेखात फक्त ताणतानाचे बिंदू आहेत आणि सोडतानाचे नाहीत, त्यावरून काढलेला दर मी वापरत नाही. तुम्ही सोडतानाचं मोजलंत आणि लपवलं नाहीत, प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा बिंदू तोच आहे.

आता ४५ आणि १०० चं भांडण. ते मुळात भांडण नाही. पट्टी वाकवली की तुकडा एका दिशेने ताणला जातो. फुग्यासारखा फुगवला तर मधोमध दोन्ही दिशांनी सारखा. एमओएस-टूची अणूंची जाळी तीन-घडी सममितीची आहे (१२० अंश फिरवली तरी तशीच दिसते), त्यामुळे लहान स्ट्रेनला गॅपचा बदल दोन दिशांच्या स्ट्रेनच्या बेरजेवर चालतो. तुकड्याची झिगझॅग कड कुठल्या बाजूला आहे याने पहिल्या पायरीवर फरक पडत नाही. एका दिशेने १ टक्का ताणला आणि बाजूने आकसू दिला नाही तर बेरीज १. दोन्ही दिशांनी १-१ टक्का ताणला तर बेरीज २. म्हणजे दुप्पट दर यायलाच हवा. २०१३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटाने पट्टी वाकवून एकपदरी एमओएस-टूचा दर टक्क्याला सुमारे ४५ मिली-ईव्ही दिला, दोनपदरीचा १२० च्या आसपास. २०१६ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या गटाने सूक्ष्म खड्ड्यांवर ताणून बसवलेले पडदे वायूच्या दाबाने फुगवले, साडेपाच टक्क्यांच्या वर द्विअक्षीय (दोन्ही दिशांचा) स्ट्रेन नेला आणि टक्क्याला ९९ काढला. दोन्ही बरोबर आहेत.

यात एक बारकी खोच आहे, ती पुस्तकात एका ओळीत जाते. तुकडा प्लास्टिकला चिकटलेला असताना बाजूने तो किती आकसेल हे त्याचं स्वतःचं पॉयसाँ गुणोत्तर (लांबीला ताणल्यावर बाजूने आकसण्याचं प्रमाण) ठरवत नाही, पट्टी ठरवते. अरुंद पट्टी सरळ ओढली तर पेट बाजूने मनसोक्त आकसतं आणि बेरीज ०.६ च्या जवळ उतरते. रुंद पट्टी नळीसारखी वाकवली तर बाजूचं आकसणं जवळजवळ रोखलं जातं आणि बेरीज १ कडे राहते. म्हणजे तोच पदार्थ, तोच एक टक्का, आणि दर वेगळा. प्रकल्पात पट्टीची रुंदी लिहा. बहुतेक लोक लिहीत नाहीत, मग वाचणारे डोकं धरून बसतात.

गॅप कमी का होतो, याचंही दोन शब्दांत. एकपदरी एमओएस-टूमध्ये वहनपट्ट्याचा (गॅपच्या वरचा ऊर्जापट्टा) तळ आणि संयुजापट्ट्याचा (गॅपच्या खालचा) माथा दोन्ही के बिंदूवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एकाच संवेगावर, असतात आणि दोन्हींत मॉलिब्डेनमच्या डी कक्षकांचा मोठा वाटा असतो. जाळी ताणली की अणूंमधली अंतरं आणि बंधांचे कोन बदलतात, कक्षकांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि के जवळचा गॅप घटतो. आपण पीएलमध्ये पाहतो तो खुद्द गॅप नव्हे. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) एकमेकांना धरून बसतात, त्या जोडीची, म्हणजे एक्सायटॉनची, ऊर्जा आपण पाहतो. त्या जोडीला धरून ठेवणारी बंधनऊर्जा काही शे मिली-ईव्हींची असते, पण एक-दोन टक्के स्ट्रेनने तिच्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून पीएल पीकची घसरण गॅपची घसरण मानायला हरकत नाही.

पीक सरकताना त्याची उंचीही बघितली होती का? एमओएस-टू ताणताना संयुजापट्ट्याचा गॅमा बिंदूवरचा (शून्य संवेगाचा) भाग के च्या तुलनेत वर येतो. दीड-एक टक्क्याच्या आसपास तो के ला गाठतो आणि पदार्थ अप्रत्यक्ष गॅपचा होतो, म्हणजे तळ आणि माथा वेगवेगळ्या बिंदूंवर जातात. तिथून पुढे पीएल मंद होत जातं. तुमच्या ९ ते ५ मिमीच्या टप्प्यात पीक हललं नाही आणि उंचीही टिकून असेल, तर घसरण्याला ही आणखी एक साक्ष. पीक थांबलं आणि उंची मात्र पडत गेली असेल, तर वेगळा संशय घ्यावा लागेल: तुकडा फाटला, किंवा फोकस सुटला. पट्टी वाकली की तिचा माथा वर येतो. प्रत्येक वाकवणीनंतर फोकस नव्याने साधला नाही तर उंचीच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पण यातलं काहीही लिहिण्याआधी हे स्ट्रेनमुळेच झालं हे सिद्ध करावं लागेल, कारण ३० मिली-ईव्ही ही फसवी संख्या आहे. एमओएस-टूमध्ये ट्रायॉनचं (एक जादा इलेक्ट्रॉन चिकटलेल्या एक्सायटॉनचं) पीक एक्सायटॉनच्या खाली ३० ते ४० मिली-ईव्हीवर असतं. पट्टीवर विद्युतभार जमा झाला, हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन पृष्ठभागावर बसला किंवा उडाला, की एक्सायटॉन आणि ट्रायॉन यांचा वाटा बदलतो. खोलीच्या तापमानाला दोन्ही पिकं एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे एकाच वक्राने फिट केलं तर पीक सरकल्यासारखं दिसतं, स्ट्रेन शून्य असला तरी. परतीचा हिशेब इतका जुळतोय म्हणून तुमच्या बाबतीत मला याची भीती कमी वाटते, पण परीक्षक हे विचारणारच.

याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बी पीक. संयुजापट्टा स्पिन-ऑर्बिट परिणामामुळे (इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याची गती यांच्या जोडामुळे) सुमारे १५० मिली-ईव्हीने दुभंगलेला असतो, त्यामुळे ए पीक (तुम्ही मोजलेलं) १.८५ च्या आसपास आणि बी पीक २.० च्या आसपास. ताणल्यावर दोन्ही जवळपास सारखी खाली येतात, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. ट्रायॉनच्या घोळात फक्त ए भोवतीची आकृती बदलते. पीएलमध्ये बी बारीक असतं, म्हणून त्याच तुकड्यावर साध्या पांढऱ्या दिव्याने परावर्तन मोजा. त्यात ए आणि बी दोन्ही ठसठशीत दिसतात, आणि लेसरने तापण्याचा प्रश्नही येत नाही.

तापण्याचा प्रश्न पेटवर खराच आहे. सिलिकॉनवर उष्णता खाली निघून जाते, प्लास्टिकवर ती तुकड्यातच कोंडते, आणि तापला की गॅप खाली येतो. लेसरची शक्ती निम्मी करून तेच मोजा. पीक हललं तर शक्ती आणखी उतरवा. १०० मायक्रोवॉटच्या खाली राहिलात तर सहसा निभावतं.

रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून अणूंची कंपनं मोजणं) यात निवाडा करतं. एकपदरी एमओएस-टूची दोन मुख्य पिकं: ३८५ वेव्हनंबरच्या (कंपनाच्या ऊर्जेचं एकक) आसपासचं ई (अणू पातळीत डोलतात) आणि ४०४ च्या आसपासचं ए-वन (गंधकाचे अणू वर-खाली). एका दिशेने ताणलं की ई दुभंगतं. एक फाटा टक्क्याला सुमारे साडेचार वेव्हनंबर खाली जातो, दुसरा सुमारे एक. ए-वन जवळजवळ हलत नाही. इलेक्ट्रॉन वाढले तर उलट: ए-वन खाली सरकतं आणि पसरतं, ई शांत. तापलं तर दोन्ही एकत्र खाली येतात. तीन कारणं, तीन वेगळ्या खुणा. तुमच्या ०.६९ टक्क्याला ई चा एक फाटा साधारण ३ ने आणि दुसरा पाऊण-एकाने उतरायला हवा. स्पेक्ट्रोमीटरला मिमीमागे १८०० रेषांची ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फाकवणारा भाग) लावा. ६०० च्या ग्रेटिंगवर हे दुभंगणं नुसतं पीक जाड झाल्यासारखं दिसतं. प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर शेजारी ठेवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर ५२०.५ ची रेषा घ्या. दुपारी एसी बंद-चालू होतो तेव्हा स्पेक्ट्रोमीटर अर्धा वेव्हनंबर सहज इकडे-तिकडे जातो, आणि तुमचा सगळा खेळ तीन वेव्हनंबरचा आहे.

घसरणं कसं थांबवायचं? तुकडा आणि पेट यांना धरून ठेवतात ते फक्त व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे रेणूंमधलं दुबळं आकर्षण. ते बलही स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावरच नीट लागतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत पाणी किती असतं हे मुंबईकराला सांगायला नको. तुकडा बसवताना मध्ये पाण्याचा थर अडकला की तो अर्ध्या टक्क्यालाच निसटतो. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेल्या शीटवर तर बरेचदा अँटिस्टॅटिक लेप असतो. ती आयसोप्रोपेनॉलने धुवा, ७०-७५ अंशांवर तापवून घ्या, तुकडा बसवा आणि पुन्हा तापवा. पेट साधारण ७५ च्या वर मऊ पडायला लागतं, त्यामुळे यापेक्षा वर जाऊ नका, नाहीतर पट्टीच वाकडी होऊन बसेल.

पुढचा इलाज म्हणजे तुकड्यावरून पीव्हीए या पॉलिमरचा पातळ थर. पीव्हीएची पकड उत्तम आहे, वाकवण्याच्या प्रयोगांत ते वापरलं जातं आणि स्ट्रेन तुकड्यात खूप चांगला उतरतो. पण पीव्हीए पाण्यात विरघळतं, म्हणजेच हवेतलं पाणी ओढतं आणि मऊ पडतं. जानेवारीत घेतलेला आकडा ऑगस्टमध्ये परत मिळाला नाही तर मला नवल वाटणार नाही. नायट्रोजनच्या झोताखाली मोजा, मधल्या वेळात पट्टी सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. धातूचं बाष्पीभवन करायची सोय असेल तर तुकड्याच्या दोन्ही टोकांवर टायटेनियम-सोन्याच्या पट्ट्या टाका. ते सगळ्यात भरवशाचं, पण शॅडो मास्क (धातू हव्या त्या जागीच पडू देणारा छिद्रांचा पत्रा) जुळवण्यात दिवस जातो. आणि पीडीएमएसच्या (सिलिकोन रबर) नादी लागू नका. ते इतकं मऊ असतं की त्याला कितीही ओढलं तरी वरचा तुकडा फारसा दाद देत नाही. एमओएस-टूचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) २७० गिगापास्कल, पीडीएमएसचा काही मेगापास्कल.

त्रिज्या कशी मोजलीत हे प्रश्नात नाही. दोन जबड्यांमध्ये पट्टी दाबली की ती पूर्ण वर्तुळाकार वाकत नाही, मध्ये जास्त आणि कडेला कमी वाकते. जबड्यांमधल्या अंतरावरून सूत्राने काढलेली त्रिज्या आणि माथ्यावरची खरी त्रिज्या यांत चांगलाच फरक पडतो. मोबाईलवर बाजूने फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, माथ्यावर वर्तुळ बसवा. आणि जबडे स्वतः बनवणार असाल तर मायक्रोमीटर स्क्रू नागदेवी स्ट्रीटला मिळतो, परदेशातून स्टेज मागवायची गरज नाही.

सुरुवातीचं १.८५ हे शून्य स्ट्रेन आहे असं धरू नका, एवढंही सांगतो. टेपने सोललेला तुकडा असेल तर बहुधा चालतं. पण सीव्हीडीने (तापलेल्या वाफांतून थर वाढवण्याची पद्धत) सिलिकावर ७०० अंशांच्या वर वाढवलेला थर थंड होताना खालच्या पाट्यापेक्षा जास्त आकसू बघतो, आकसता येत नाही, आणि तो मुळातच ताणलेला उरतो. दुसरीकडे उचलून ठेवला की ताण सुटतो आणि पीक वर जातं. अशा थरावर दर तरी बरोबर येतो, शून्याची जागा मात्र चुकते.

ताणलं की पीक लाल बाजूला (कमी ऊर्जेकडे) जातं हे सगळीकडे लागू करू नका. ब्लॅक फॉस्फरसमध्ये उलट आहे, ताणलं की गॅप वाढतो, आणि तिथे दिशेलाही महत्त्व आहे. टंगस्टन डायसेलेनाइडच्या दोनपदरी तुकड्यात पीक लाल बाजूला जातं खरं, पण पीएल मंद न होता उजळतं, कारण ताणामुळे अप्रत्यक्ष गॅप थेट गॅपकडे झुकतो. बर्कलीच्या गटाने २०१४ मध्ये हे दाखवलं. त्याच टंगस्टन डायसेलेनाइडचा एकपदरी थर नॅनोस्तंभांवर पसरला की प्रत्येक टोकावर स्ट्रेन एकवटतो, आणि अतिथंड तापमानाला तिथून एकेक फोटॉन सुटताना पकडता येतो. २०१७ मध्ये दोन गटांनी अशा ठिपक्यांच्या रांगाच मांडल्या. मला स्वतःला या विषयातला सगळ्यात रंगतदार भाग हाच वाटतो. आपण जिथे ठरवू तिथे पदार्थ ताणतो, आणि एक्सायटॉन कमी गॅपच्या जागेकडे आपणहून वाहत येतात. तुमच्या तुकड्यावर सुरकुत्या पडल्या तर त्याही वाया घालवू नका, सुरकुतीच्या माथ्यावर आणि शेजारी पीएल घेऊन बघा.

ग्राफिनबद्दल: प्रकाशीय परिणाम बघायचा असेल तर अवघड, स्ट्रेन मोजायचा असेल तर सोपं. ग्राफिनला गॅपच नाही, त्यामुळे सरकायला पीएल पीक नाही. सैद्धांतिक हिशेबानुसार एकसारखा स्ट्रेन २० टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत गॅप उघडत नाही. शोषण २.३ टक्के, ते ताणल्यावर ध्रुवीकरणाच्या दिशेनुसार किंचित कमी-जास्त होतं, साध्या सेटअपवर दिसणंही मुश्कील. पण रामनचं टू-डी पीक एका दिशेच्या स्ट्रेनला टक्क्यामागे सुमारे ६४ वेव्हनंबर उतरतं. तुमच्या ०.६९ टक्क्याला ४४. एमओएस-टूच्या तीनापुढे हे घरबसल्या दिसण्यासारखं आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर त्याच पट्टीवर, एमओएस-टूपासून जवळच, ग्राफिनचा एक तुकडा टाकला असता. तोही पुढे घसरणार, पण पहिल्या अर्ध्या टक्क्यात त्रिज्येवरून काढलेला स्ट्रेन खरा आहे का हे तो परस्पर सांगतो.

प्रकल्पात दर लिहाल तो असा: टक्क्याला ४३ मिली-ईव्ही, एकअक्षीय (एकाच दिशेचा ताण), पट्टीची रुंदी अमुक, ०.६९ टक्क्यापर्यंतच वैध. आलेखात ताणतानाचे बिंदू भरीव आणि सोडतानाचे पोकळ ठेवा, ९ मिमीपुढचे बिंदू आलेखात राहू द्या पण फिटमधून वगळा, आणि का वगळले ते खाली लिहा. पुढच्या फेरीत ०.५ टक्क्याच्या आत राहून ताणणं-सोडणं पुन्हा पुन्हा करा. पीक दर वेळी १.८५ ला परत येत असेल तर त्या रेषेचा उतार छातीठोक सांगता येईल.